दोन इंचांचा हिशेब

घरची शेतीवाडी किंवा आंब्याकाजूची बाग आहे, आणि तरुण मंडळी पुण्यामुंबईस नोकरी संभाळून सुटीच्या दिवशीं तिकडे फेरी मारतात, अशा कांहीं कुटुंबांत अलीकडे पिकअप गाडी येऊं लागली आहे. पुढें चारपांच माणसांस बसावयास बंद खोली आणि मागें माल ठेवावयास उघडा हौदा, अशी ही दुहेरी सोय. इसुझू कंपनीची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आपल्या देशांत २०१६ सालीं आली, टोयोटाची हायलक्स २०२२ सालीं आली. एकाच वाहनांत आजीला देवदर्शनास नेतां यावें आणि परततांना आंब्याच्या पेट्याही आणतां याव्यात, या विचारानें तीं घेणारीं घरें आहेत.

गाडी घरीं येऊन एखादा पावसाळा गेला म्हणजे एक प्रश्न हटकून निघतो. बागेकडे जाणाऱ्या वाटेवर चाकोऱ्या खोल पडलेल्या असतात, मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो, आणि घरांतील तरुण म्हणूं लागतो कीं, गाडी दोन इंच उंच करून घेऊं. वडील मंडळींस हा नुसता दिमाख वाटतो. तरुणाजवळ सुट्या भागांची भली मोठी यादी असते; वडिलांजवळ एकच वाक्य असतें, कारखानदारानें गाडी बनविली ती कांहीं उगीच नव्हे. आमच्या मतें दोन्ही पक्षांचें थोडथोडें खरें आहे. वाट खरोखर वाईट असेल तर दोन इंचांनीं फरक पडतो, हें तरुणाचें म्हणणें बरोबर आहे. परंतु ही उंची विकत मिळत नाहीं, ती उसनी मिळते, आणि गाडींतील कोणता ना कोणता भाग तिचें व्याज भरीत राहतो, हें त्यानें लक्षांत घेतलेलें नसतें. भागांची निवड म्हणजे हें व्याज कोणीं व किती भरावयाचें, हें अगोदर ठरविणें होय. तोच हिशेब आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम रचना समजून घेऊं. या वर्गाच्या गाडीस खालीं शिडीसारखा लोखंडी सांगाडा असतो. त्यास चासी म्हणतात. पुढचीं दोन चाकें स्वतंत्र हलतात. प्रत्येक चाक वरच्या व खालच्या अशा दोन आर्मांनीं चासीस जोडलेलें असतें, आणि खालच्या आर्मावर एक गुंडाळी स्प्रिंग उभी असून तिच्या पोटांतून शॉकअप गेलेला असतो. मागें मात्र जुनी, भारास खंबीर अशी व्यवस्था असते. दोन चाकांस जोडणारा एक अखंड आंस आणि त्यावर दोन बाजूंस पाट्यांच्या जुड्या. अमेरिकेंत राहणाऱ्या आपल्या आप्तांपैकीं कोणाकडे २०२३ पर्यंतची टोयोटा टॅकोमा असेल, तर तिचीही मांडणी थोड्याबहुत फरकानें अशीच आहे. पुढेंही पाटेच असलेल्या मालवाहू पिकअपांचा विचार या लेखांत केलेला नाहीं.

आतां दोन इंच उंचीनें काय मिळतें व काय मिळत नाहीं, तें पाहूं. स्प्रिंगा व पाटे बदलून चासी, दारें, इंजिनाचें पोट हें सारें वर उचललें जातें. परंतु मागचा अखंड आंस व त्याच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा गोळा हे चाकांवरच बसलेले असल्यामुळें जागचे हलत नाहींत. म्हणजे चाकोरीमधला धोंडा जर त्या गोळ्याला लागत असेल, तर स्प्रिंगांवर कितीही पैसे खर्च केले तरी तो लागतच राहणार. तो गोळा वर जावयाचा तर टायरच मोठा पाहिजे, आणि तेथेंही व्यासांत जेवढी वाढ होते तिच्या निम्मीच उंची पदरांत पडते. २६५/६५ आर १७ हें माप या वर्गाच्या अनेक गाड्यांवर आढळतें. त्याचा व्यास सुमारें ७७६ मिलिमीटर भरतो. त्याऐवजीं २६५/७० आर १७ घातला तर व्यास सुमारें ८०३ मिलिमीटर होतो, आणि आंस वर जातो तो अवघा तेरा मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. शिवाय वेगदर्शक कांटा शंभर दाखवील तेव्हां गाडी प्रत्यक्षांत १०३ च्या वर धांवत असेल. तेव्हां घासतें तें नेमकें काय, चासी कीं आंस, हें एकदां गाडीखालीं वांकून पाहिल्याशिवाय कोणताही भाग मागवूं नये.

दुसरी पूर्वतयारी म्हणजे मोजमाप. गाडी सपाट जागीं उभी करावी आणि चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचें अंतर टेपनें मोजून वहींत लिहून ठेवावें. जमिनीपासून मोजूं नये, कारण टायरमधील हवा कमीजास्त असली कीं तें माप फसवतें. बहुतेक पिकअपांत मागची बाजू पुढच्यापेक्षां थोडी उंच आढळेल. तो दोष नव्हे. हौद्यांत भार पडल्यावर मागची बाजू बसते व गाडी समपातळींत येते, या हिशेबानें कारखान्यानें तें ठेवलेलें असतें. त्यानंतर गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि नेहमीच्या सामानासह पुढच्या व मागच्या चाकांचें वजन वेगवेगळें करून घ्यावें. वजनकाट्याच्या पावतीस थोडकेच रुपये पडतात. पण पुढील सर्व निवड त्या कागदावर अवलंबून आहे.

तिसरी तयारी कायद्याची, आणि ती टाळून पुढें जाऊं नये अशी आमची आग्रहाची सूचना आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम असें सांगतें कीं, नोंदणीपत्रांतील तपशील कारखानदारानें मूळ ठरविलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकानें वाहनांत करूं नये. सर्वोच्च न्यायालयानें ९ जानेवारी २०१९ रोजीं केरळमधील एका प्रकरणांत या कलमाचा अर्थ कडकपणें लावला, आणि त्याच वर्षींच्या सुधारणा कायद्यानें नियमबाह्य फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागें पांच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा घातली. म्हणून सुट्या भागांच्या यादींत सर्वांत वर परवानगीचा कागद असावा. कोणता भाग, किती उंची, हें लिहून आर.टी.ओ. कचेरीस विचारावें, कारखानदाराच्या मान्य सामानाच्या यादींत तो भाग आहे काय तें पाहावें, आणि विमा कंपनीसही लेखी कळवून तिचें उत्तर जपून ठेवावें. अपघात झाल्यावर विमेकऱ्यानें फेरफाराकडे बोट दाखविलें, तर घरांतील मिळवत्या माणसाची वर्षांची कमाई त्या दोन इंचांत जाऊं शकते. परवानगी न मिळाली तर काय करावें, तेंही आम्ही शेवटीं सांगणार आहों.

आतां पुढच्या चाकांकडे वळूं. उंची वाढविण्याचे येथें दोन मार्ग आहेत. स्वस्त मार्ग चकतीचा. स्प्रिंग व शॉकअप यांच्या जोडीच्या माथ्यावर धातूची किंवा कडक प्लास्टिकची चकती बसवावयाची. स्प्रिंग आर्माच्या टोकाशीं नसून बरीच आंत टेकलेली असल्यामुळें एका इंचाच्या चकतीनें चाकाशीं जवळजवळ दोन इंच फरक पडतो. पैसे थोडे लागतात, म्हणून हा मार्ग लोकप्रिय आहे. परंतु येथें शॉकअप तोच, स्प्रिंग तीच, आणि ती जोडी तेवढी खालीं ढकलली जाते. चाक खड्ड्यांत लोंबकळलें म्हणजे आर्म पूर्वीपेक्षां जास्त खालीं उतरतो, वरचा आर्म स्प्रिंगेला टेकूं पाहतो, आणि त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट आपल्या मर्यादेपर्यंत वांकतो. हें व्याज बॉल जॉइंट भरतो, आणि बॉल जॉइंट निसटला कीं चाकच आडवें पडतें. ज्या गाडींत घरचीं माणसें बसावयाचीं, तिला असल्या काटकसरीची जोड देऊं नये.

दुसरा मार्ग नव्या स्प्रिंगेचा. किंचित् लांब किंवा किंचित् कडक स्प्रिंग, आणि तिच्या जोडीला तिच्याच मापाचा शॉकअप. ऑस्ट्रेलियन बनावटीच्या अशा स्प्रिंगा बहुधा भाराप्रमाणें वर्गवारी करून विकल्या जातात. पुढें जादा वजन नसलेल्या गाडीसाठीं एक, लोखंडी बंपर असलेल्या गाडीसाठीं दुसरी, बंपर व ओढयंत्र दोन्हीं असलेल्या गाडीसाठीं तिसरी. वजनकाट्याची पावती येथें उपयोगी पडते. पुष्कळ जण पुढेंमागें बंपर घेऊं या विचारानें भारी वर्गाची स्प्रिंग आजच घेतात. मग हलक्या गाडीवर ती दोनऐवजीं तीन इंच उंची देते, गाडी प्रत्येक गतिरोधकावर उसळते, आणि मागें बसलेल्या वृद्धांच्या कमरेस तें कळतें. स्प्रिंग आजच्या वजनाला घ्यावी, उद्यांच्या मनोराज्याला नव्हे.

दोनच इंच कां, चार कां नव्हेत, याचेंही उत्तर येथेंच मिळतें. समजा, पुढच्या चाकाची एकूण हालचाल आठ इंच आहे, चार वर आणि चार खालीं. गाडी दोन इंच उंच केली कीं आर्माची खालीं जाण्याची सीमा तीच राहते, म्हणून खालच्या चारांतून दोन वजा होतात. वर सहा, खालीं दोन. खड्डा आला असतां चाक दोन इंच खालीं जाऊन थांबतें व हवेंत लोंबूं लागतें. चार इंच उंच केली तर खालीं कांहींच शिल्लक नाहीं. म्हणजे ज्या वाईट वाटेसाठीं हा खटाटोप केला, त्याच वाटेवर चाक जमिनीस धरून राहणार नाहीं. दोन इंच ही बेताची उंची आहे ती यासाठीं. प्रत्येक गाडीचे आंकडे वेगळे असतील, पण वजाबाकीची रीत हीच.

शॉकअपविषयीं एक गैरसमज फार पसरलेला आहे. शॉकअप गाडीचा भार धरीत नाहीं. भार स्प्रिंग धरते. शॉकअप फक्त स्प्रिंगेची उसळी आवरतो. म्हणून नुसता महाग शॉकअप घेऊन गाडी उंच होत नाहीं, आणि नव्या कडक स्प्रिंगेवर जुना मऊ शॉकअप ठेवला तर गाडी डोलत राहते. निवडतांना दोन मापें विचारावीं, पूर्ण दबल्यावर लांबी किती व पूर्ण ताणल्यावर किती. शॉकअप आंखूड पडला तर चाक लोंबतांना सारा झटका त्याच्या बोल्टावर येतो. लांब पडला तर धक्का अडविण्यासाठीं दिलेला रबरी बंपस्टॉप टेकण्यापूर्वीं शॉकअपच तळाला आदळतो व फुटतो. दुनळी शॉकअप स्वस्त व मवाळ असतो. एकनळी, नायट्रोजन वायूनें भरलेला, उष्णता लवकर बाहेर टाकतो. म्हणून लांब कच्च्या रस्त्यावर त्याचें काम एकसारखें राहतें, पण त्याची नळी एखाद्या धोंड्यानें चेपली तर तो निकामी होतो. महिन्यांतून दोन वेळां बागेला जाणाऱ्या गाडीस चांगल्या प्रतीचा दुनळी पुरेसा आहे, असें आमचें मत आहे.

वरचा आर्म बदलावा कीं नाहीं, हा पुढचा प्रश्न. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसून किंचित् कललेला असतो, म्हणून चालत्या सायकलीचें चाक आपोआप सरळ राहूं पाहतें. मोटारीतही चाकाच्या वळण्याच्या आंसास असाच कल दिलेला असतो. त्याला कॅस्टर म्हणतात. गाडी उंच केली कीं दोन्हीं आर्मांचे कोन बदलतात व हा कल कमी होतो. मग महामार्गावर गाडी सरळ चालत नाहीं, स्टिअरिंग सतत सांवरावें लागतें आणि वळणानंतर तें स्वतः परत येत नाहीं. उंची केल्यावर अलाइनमेंट करून घ्यावें व त्याचा छापील कागद मागून घ्यावा. खालच्या आर्मांच्या बोल्टांवर फिरवून कॅस्टर कारखान्याच्या मर्यादेंत आला, तर वरचा आर्म बदलण्याचें कारण नाहीं. दोन इंचांच्या आंत तो बहुधा येतो. न आला तर मात्र बॉल जॉइंट किंचित् मागें घेतलेला नवा आर्म घ्यावाच लागेल. म्हणून आर्म आधींच मागवून ठेवूं नये, आणि लागलाच तर त्यासाठीं पैसे बाजूस ठेवल्याशिवाय काम सुरूही करूं नये. ज्या गाड्यांत घसरण आवरणारी विद्युत् यंत्रणा असते, त्यांत अलाइनमेंटनंतर स्टिअरिंगच्या कोनाचा शून्यबिंदू नव्यानें बसवावा लागतो, हें कारागिरास आठवण करून द्यावें.

चारही चाकांस शक्ति जाणाऱ्या गाडींत पुढच्या चाकांकडे जाणारे दोन छोटे दांडे असतात व त्यांच्या टोकांस सीव्ही सांधे असतात. गाडी वर गेली कीं हे दांडे अधिक तिरपे होतात. सांधा वाकड्या कोनांत फिरला कीं त्यावरील रबरी बूट लवकर चिरतो, वंगण बाहेर येतें, धूळ आंत जाते आणि वळतांना कटकट असा आवाज येऊं लागतो. दोन इंचांपर्यंत हा तिरपेपणा बहुधा सोसतो. त्यापुढें व्याज झपाट्यानें चढतें. डिफरन्शियल खालीं उतरविण्यासाठीं चकत्यांचे संच मिळतात, पण बेताच्या उंचीस त्यांची जरूर नसते. ती जरूर भासूं लागली, तर उंची बेताची राहिली नाहीं असें समजावें.

मागच्या बाजूस चार पर्याय दिसतात. पहिला, आंस व पाटा यांच्यामध्यें लोखंडी ठोकळा घालणें. हा सर्वांत स्वस्त. पण आंस व पाटा यांच्यांतील अंतर वाढल्यामुळें, जोरानें ब्रेक दाबला किंवा गाडी उचलली असतां आंस गुंडाळल्यासारखा पिळतो व पाट्यास ताण बसतो. एक लहान, घन ठोकळा कांहीं गाड्यांत कारखानाही वापरतो. पण एकावर एक दोन ठोकळे कधींही रचूं नयेत. दुसरा, पाट्याच्या टोकाचा शॅकल लांब करणें. पाट्याचें एक टोक स्थिर असल्यामुळें दोन इंच लांब शॅकलनें उंची मिळते सुमारें एकच इंच, आणि आंसाचा कोन मात्र बदलतो. तिसरा, जुडींत एक जादा पाटा घालणें. भार धरण्याची शक्ति वाढते व खर्च माफक असतो, पण रिकामी गाडी कडक चालते. हा पाटा लांब घ्यावा. आंखूड जादा पाट्यानें सारा वांक मध्यावर एकवटतो. चौथा, संपूर्ण नवी जुडी, भाराप्रमाणें निवडलेली. हा महाग, पण हौद्यांत नेहमींच माल असेल तर अखेरीस हाच परवडतो. ज्या घरची गाडी वर्षांतून दोनच महिने आंबा वाहते व एरवीं माणसें नेते, त्यांनीं जादा पाट्याचा किंवा सौम्य जुडीचा विचार करावा. आणि पुढची बाजूच बसत असेल, मागची नव्हे, तर मागें हात लावण्याचें कांहींच कारण नाहीं.

आतां दोन बारीक गोष्टी. त्या बारीक खऱ्या, पण अपघात त्यांच्याचमुळें होतात. पाटा व आंस यांस आवळून धरणारे यू-बोल्ट एकदां सोडले कीं पुन्हां वापरूं नयेत. आवळतांना त्यांचे आंटे ताणले गेलेले असतात; दुसऱ्यांदां ते तशी पकड देत नाहींत. नवे बोल्ट घ्यावे व पहिल्या चारपांचशें किलोमीटरनंतर ते पुन्हां आवळून घ्यावे. दुसरी गोष्ट, आर्मांच्या व पाट्यांच्या टोकांस रबरी बुश असतात. गाडी जॅकवर लोंबत असतां त्यांचे बोल्ट पक्के केले, तर गाडी खालीं उतरल्यावर ते बुश कायमचे पिळलेले राहतात व थोड्याच महिन्यांत फाटतात. गाडी चारही चाकांवर आपल्या भारानें उभी राहिल्यावरच ते बोल्ट अखेरचे आवळावे. कारागीर नवखा असेल तर हें त्यास समोर उभें राहून सांगावें. वाईट वाटण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं.

ब्रेकची तपासणीही त्याच वेळीं व्हावी. चाकें पूर्ण लोंबत असतां ब्रेकच्या रबरी नळ्या, चाकाजवळच्या विजेच्या तारा व हातब्रेकची दोरी ताणल्या जात नाहींत ना, हें डोळ्यांनीं पाहावें. कांहीं पिकअपांत मागच्या आंसापासून चासीपर्यंत एक दांडी असते. हौदा किती दबला यावरून ती मागच्या ब्रेकला कमीजास्त दाब देते. गाडी उंच केली कीं त्या दांडीस हौदा सदैव रिकामाच आहे असें वाटतें, व माल भरलेला असूनही मागचा ब्रेक कमी लागतो. घाटाच्या उतरणीवर, मागें आंब्याच्या पेट्या व पुढें घरचीं माणसें असतां, हें व्याज कोण भरील, तें सांगावयास नको. ती दांडी आपल्या गाडीस असेल तर तिची पुनर्जुळणी व्हायलाच हवी. मागे जाणारा लांब दांडा दोन तुकड्यांचा असेल व उंची केल्यावर तो थरथरूं लागला, तर त्याच्या मधल्या बेअरिंगाची जागा चकतीनें सांवरावी लागते. आणि नाक वर गेल्यामुळें दिवेही वर पाहूं लागतात; ते खालीं करून घेतले नाहींत तर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर प्रकाश जातो. दुसऱ्याचे डोळे दिपवून आपली वाट सोपी करणें हें सज्जनास शोभत नाहीं.

सर्वांत मोठें व्याज मात्र दिसत नाहीं. गाडी कलंडेल कीं नाहीं याचा पहिला अंदाज एका सोप्या भागाकारावरून घेतात. डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराचा निम्मा, भागिले गुरुत्वमध्याची उंची. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनानें २००१ च्या गाड्यांपासून कलंडण्याच्या धोक्याचें मानांकन देतांना हाच भागाकार आधारास घेतला. उदाहरणादाखल, निम्में अंतर ७७० मिलिमीटर व गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटर धरला, तर उत्तर १.१० येतें. पन्नास मिलिमीटर उंची केल्यावर, चाकें व आंस जागींच राहिल्यामुळें, गुरुत्वमध्य समजा चाळीस मिलिमीटर वर गेला, उत्तर १.०४ झालें. आंकडा लहान दिसतो. पण टपावर सामान बांधून वळणावर अचानक स्टिअरिंग फिरवावें लागलें, तर त्या शतांशांचें मोल कळतें. उंच केलेल्या गाडीच्या टपावर जड वस्तु ठेवूं नये, आणि चालकानें पूर्वीच्या वेगानें वळणें घेऊं नयेत. हा नियम पाळण्याची घरांतील तरुणाची तयारी नसेल, तर वडिलांनीं उंचीस नकार द्यावा. त्या नकारास आमचा पाठिंबा आहे.

घरांतील बायकामंडळींचा व वृद्धांचा विचार या चर्चांत क्वचित् होतो. मुळांतच उंच असलेल्या गाडीचें पाऊल आणखी दोन इंच वर जातें. लुगडें नेसलेल्या आजीस तें कसें जमेल, गुडघे दुखत असलेल्या काकांस कसें जमेल, हें आधीं पाहावें. मजबूत पायरी बसविणें भाग पडेल. हौद्याचा काठही तेवढाच वर जातो, आणि दिवसभरांत शंभर पेट्या चढविणाऱ्या गड्यास ते दोन इंच प्रत्येक पेटीला जाणवतात. त्यालाही एकदां विचारलेलें बरें.

तेव्हां खरेदीचा क्रम आमच्या मतें असा असावा. पहिल्यानें टेप, वजनकाटा व परवानगीचा कागद. मग वजनाप्रमाणें पुढच्या स्प्रिंगा व त्यांच्याच मापाचे शॉकअप. मग, लागलीच तर, मागची जुडी किंवा जादा पाटा, त्याबरोबर नवे यू-बोल्ट व जुळते शॉकअप. नंतर अलाइनमेंट, आणि तो कागद पाहूनच वरच्या आर्मांचा निर्णय. टायर सर्वांत शेवटीं, आहेत ते झिजल्यावर. एकाच पेटींत सर्व कांहीं मिळतें म्हणून संच घेण्याचा मोह होतो. पण संच सरासरी गाडीसाठीं असतो, आणि आपली गाडी सरासरी आहे कीं नाहीं तें वजनकाट्यानेंच सांगावें.

परवानगी मिळाली नाहीं, तर निराश होण्याचें कारण नाहीं. अनेक वर्षें भार वाहिलेल्या गाडीचे पाटे व स्प्रिंगा बसलेल्या असतात. कित्येकदां मालकास हवे असलेले ते दोन इंच म्हणजे त्याच्याच गाडीनें हरवलेली उंची असते. कारखान्याच्या मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा व पाटे घातले कीं ती परत मिळते, आणि त्यास कोणाची हरकत नसते. त्याच मापाचे, पण कच्च्या वाटेसाठीं खोल नक्षी असलेले टायर, इंजिनाच्या पोटाखालीं मजबूत पत्रा, आणि हौद्यांत विनाकारण पडून असलेल्या सामानाची रजा, एवढ्यानें पुष्कळ काम होतें. आणि बागेच्या वाटेचा मधला उंचवटा दोन गडी लावून एका दिवसांत कुदळीनें उतरवितां येत असेल, तर त्या खर्चाची तुलनाही करून पाहावी. वाट सुधारली कीं ती शेजाऱ्यांच्याही उपयोगीं पडते. गाडी उंच केली तर ती एकट्याचीच उंच होते.

वडील मंडळींनीं हौस म्हणून हा विषय झटकून टाकूं नये, आणि तरुणांनीं यादी हातांत आहे म्हणून घाई करूं नये. दोघांनीं मिळून एकदां गाडीखालीं पाहावें, वहींत आंकडे लिहावे, आणि त्या दोन इंचांचें व्याज कोण भरणार, तें नांव घेऊन ठरवावें. बॉल जॉइंट, पाटा, बुश किंवा खिसा यांपैकीं कोणीही भरलें तर हरकत नाहीं. घरच्या माणसांवर तें येऊं नये, एवढी एक अट पाळली म्हणजे पुढील निवड कठीण नाहीं.